शिवनेरीवर सहल आणणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

सर्व मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि वर्गशिक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की जुन्नरच्या रस्त्यांवर सहलीच्या एसटी दिसू लागतात. पुढच्या काचेवर शाळेचे नाव लिहिलेला कागद, खिडक्यांतून बाहेर आलेले हात आणि गाडी थांबायच्या आत सुरू झालेल्या घोषणा. मी इथलीच. उभी हयात शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे, आणि पायांत बळ आहे तोवर गडावर जाते. त्यामुळे तुमच्या सहली मला जवळून दिसतात. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, दिवस कलता ओझर, हा बहुतेकांचा ठरलेला क्रम. त्यात गडाच्या वाट्याला दोन-अडीच तास येतात. मुले धापा टाकत दरवाजे ओलांडतात, जन्मस्थानाशी घोषणा देतात, शिवकुंजापुढे, म्हणजे जिजाऊ आणि बाल शिवबांच्या स्मारकापुढे, फोटो काढतात आणि शिट्टी वाजली की खाली पळतात.

तुमची ओढाताण मला ठाऊक आहे. पालकांची संमतिपत्रे, दर दरवाजाशी डोकी मोजणे, कुणाला उलटी, कुणाचा डबा गाडीतच राहिलेला, आणि अंधार पडायच्या आत परतीला लागण्याची घाई. मीही त्यातून गेले आहे. म्हणून हे पत्र तक्रारीचे नाही, मागणीचे आहे. मुलांना गड चढवण्याआधी त्यांच्या हाती एक प्रश्न द्या : जिजाऊसाहेब बाळंतपणासाठी इथेच का आल्या?

१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख चौथीतल्या मुलालाही पाठ असते. त्यामागची परिस्थिती मात्र त्याला कुणी सांगितलेली नसते. १६२९ च्या जुलैत देवगिरीला निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची मुलांसह हत्या झाली. जिजाऊंचे वडील आणि भाऊ एका दिवसात गेले. शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत, एका सत्तेकडून दुसरीकडे जावे लागत असलेले. मुघल फौजा दख्खनेत उतरत होत्या. अशा वेळी पोटुशी बाई कुठे सुरक्षित राहील? शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी यांची सोयरीक गडाच्या किल्लेदाराच्या विश्वासराव घराण्याशी जुळलेली होती. माणसे आपली होती. आणि गड? तो किती भरवशाचा होता, हे मुलांनी आपल्या पायांनी आणि डोळ्यांनी पडताळायचे आहे. त्यासाठीच तर सहल.

पायऱ्यांच्या वाटेने सात दरवाजे लागतात : महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा आणि कुलाबकर दरवाजा. नावे पाठ करून घेऊ नका. प्रत्येक दरवाजात मुलांना मागे वळून उभे करा आणि विचारा, तू वर असतास तर खालून येणाऱ्याला कुठे अडवले असतेस? पोरे असली चोख उत्तरे देतात की थक्क व्हावे. वाट कुठे वळते, भिंतीच्या आडून दरवाजा अगदी जवळ येईपर्यंत का दिसत नाही, वरून दगड कुठे पडेल, हे सगळे त्यांना सांगावे लागत नाही. सातव्या दरवाजापर्यंत वर्गातली शेवटच्या बाकावरची मुले पुढे आलेली असतात.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी इथवर आला होता. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. पावसाळाभर तो जुन्नरला अडकून पडला. इथल्या खानाने घोडा ताब्यात घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. या निकितीनने डोंगरावरच्या कोटाचे वर्णन केले आहे : माणसाच्या हातची तटबंदी नाही, देवानेच केलेली आहे, आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोन माणसांना एका वेळी जाता येत नाही. हे वर्णन शिवनेरीचे मानले जाते. परवानगीच्या दरवाजाच्या आसपास दोन मिनिटे थांबून ही घोड्याची गोष्ट सांगा. परमुलखात, परक्या भाषेत अडकलेला माणूस मुलांना लगेच आपला वाटतो, आणि शिवजन्माच्या दीडशे वर्षे आधीही हा डोंगर लोकांच्या डोळ्यांत भरत होता हे त्यांना कायमचे कळते.

शिपाई दरवाजा ओलांडला की मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाईच्या देवळाकडे वळता येते. शिवबांचे नाव या देवीवरून ठेवले गेले, असे आपण सगळेच सांगतो. बहुतेक सहली नमस्कार करून मागे फिरतात. माझी कळकळीची विनंती आहे, तिथे अजून दहा मिनिटे द्या. देवळामागच्या कड्यात लेणी आहेत. मुलांना ती दाखवा आणि सांगा की हा गड गड होण्याआधी भिक्षूंचे वस्तीस्थान होता.

जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामे आहेत : लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी. एकाच गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे सापडणे कठीण. एकट्या शिवनेरीच्या कड्यांत साठच्या आसपास आहेत. पूर्व अंगाला 'बारा कोत्री' म्हणून ओळखला जाणारा विहार आहे. एका लेण्याच्या छतावर रंगीत चौकोन आणि त्यांत एकात एक वर्तुळे अशी नक्षी अजून तग धरून आहे. यांतली पुष्कळशी लेणी अवघड जागी आहेत, कड्याच्या कडेने जावे लागते, तिथे मुलांना अजिबात नेऊ नका. पण खाली जुन्नरच्या रस्त्यावरून बोट करून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. गाडी दोन मिनिटे थांबवा आणि काळ्या कड्यातली ती ओळीने कोरलेली दारे मुलांना मोजू द्या.

या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. त्यांतल्या दोन लेखांनी मला आयुष्यभर सोबत केली आहे. एकात 'गत' म्हटल्या जाणाऱ्या लोकांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेली माणसे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या मुळाचा एक माणूस आमच्या या डोंगरात येतो, इथल्या भाषेत, इथल्या लिपीत आपले नाव कोरवतो, आणि दान काय देतो, तर पाणी. हे वाक्य मी वर्गात जितक्यांदा सांगितले तितक्यांदा वर्ग शांत झाला.

असा माणूस इथे पोचला कसा, हे गडाच्या माथ्यावरूनच समजते. अंबरखान्यापाशी आलात की हवा स्वच्छ असताना मुलांना पश्चिमेकडे तोंड करून उभे करा. चावंड दिसतो, त्याच्याही पलीकडे जीवधन आणि नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून तो घाट चढायचा आणि जुन्नरच्या पेठेत यायचा. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणांचे, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचे, आकडे त्यात कोरलेले आहेत. आपल्या देशात अंक कसे लिहिले जात, याचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. गणिताचे शिक्षक सहलीला आले असतील तर त्यांना पुढे करा, हा भाग त्यांचा. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार गड त्या घाटवाटेवर आणि तिने पोसलेल्या पेठेवर नजर ठेवून आहेत. शिवनेरीला महत्त्व का आले, याचे अर्धे उत्तर त्या दिशेला आहे.

उरलेले अर्धे उत्तर पायाखाली आहे, आणि तिथे मला तुमचा सर्वांत जास्त वेळ हवा आहे.

अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार. आता त्याची पडझड झाली आहे, तरी भिंतींची जाडी हाताने मोजता येते. तिथून शिवकुंजाकडे जाताना गंगा-जमुना ही टाकी लागतात. मुले टाक्यात डोकावतात, हाक मारून आवाज घुमतो का पाहतात आणि पुढे पळतात. त्यांना थांबवा. उंच डोंगराच्या माथ्यावर, नदी नाही, ओढा नाही, तरी बारमाही पाणी कसे? विज्ञानाच्या तासाला जे तीन दिवस फळ्यावर काढून समजत नाही ते इथे चटकन समजते. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. पावसाचे पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे वाहू लागते. कातळ वाचता येणाऱ्या पाथरवटांनी ही जागा हेरली आणि टाके नेमके तिथे खोदले. कातळाच्या पोटात सावलीतले पाणी उन्हाने उडत नाही, थंड राहते. काढलेला दगडही वाया गेला नाही, तो बांधकामाला लागला.

आता मुलांना पुढचे सांगा. शिवबांच्या जन्माच्याच वर्षी, १६३० मध्ये, दख्खनेत पाऊस फिरला आणि १६३२ पर्यंत या मुलखाने इतिहासातल्या अतिभयंकर दुष्काळांपैकी एक सोसला. गावे ओस पडली, माणसे अन्नान्न करून मेली. त्या वर्षांत हे बाळ रांगत होते, चालायला शिकत होते. कोठारात धान्य आणि टाक्यात पाणी असलेला गड म्हणजे काय, हे त्या टाक्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. दुष्काळी तालुक्यांतून आलेली मुले तर माझ्याआधी बोलू लागतात. टँकरची वाट बघणे त्यांनी घरी पाहिलेले असते. पुढे १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा गडावर असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. गड जिंकायला आलेल्याला सात वर्षे खाली बसून राहावे लागेल, हे गणित मुलांना करू द्या.

यानंतर जन्मस्थानाच्या वास्तूसमोर उभे राहिलेले मूल वेगळे असते. मी हे पाहिले आहे. घोषणेचा आवाज तोच असतो, पण ती खोली आता त्याला एकटी दिसत नाही. तिच्याभोवती सात दरवाजे, भरलेली टाकी, धान्य, सोयऱ्यांची माणसे आणि बाप-भाऊ गमावलेली एक धीराची बाई उभी असते.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. शिवकुंजासमोर एक कमानी मशीद आहे. दोन मिनारांच्या मध्ये उंच कमान आणि खाली पाण्याचे टाके. टेकाडावर ईदगाह आहे. मुले हमखास विचारतात, 'बाई, हे इथे कसं?' अनेक शिक्षक गडबडतात आणि 'चला, उशीर होतोय' म्हणून पुढे नेतात. हे टाळू नका. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने आपल्या सत्तेची पायाभरणी जुन्नरमध्ये केली, अहमदनगर नंतर वसले. शहाजीराजे निजामशाहीचे सरदार होते आणि शिवबांचा जन्म निजामशाहीच्या गडावर झाला. ही साधी, सरळ वस्तुस्थिती आहे. ती ऐकून एकाही मुलाचा महाराजांविषयीचा आदर कमी झालेला मी पाहिला नाही. उलट, दुसऱ्यांच्या चाकरीत, दुसऱ्यांच्या गडांवर वाढलेल्या मुलाने स्वतःचे राज्य उभे केले, हे कर्तृत्व किती मोठे, ते त्यांना तिथेच उमगते. मशिदीच्या दगडाला हात लावून तो बांधणारे हात कुणाचे असतील, हेही विचारा. पाथरवट याच मातीतले होते.

त्याच टेकाडावर कोळी चौथरा आहे. निजामशाही बुडाल्यावर १६३७ मध्ये गड मुघलांकडे गेला. पुढे १६५० च्या सुमारास इथल्या महादेव कोळ्यांनी मुघलांविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेला आणि पकडलेल्यांना या चौथऱ्यावर मारले, अशी आठवण इथल्या वाड्यावस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. फार थोड्या सहली त्या टेकाडावर चढतात. चढ थोडाच आहे. आदिवासी आश्रमशाळांच्या शिक्षकांना मी विशेष आग्रहाने सांगते, तुमच्या मुलांना तिथे नेल्याशिवाय खाली उतरू नका. त्यांच्या पूर्वजांचे नाव या गडावर आहे, हे त्यांना दुसरे कुणी सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना बहुधा कधीच सांगितली जात नाही. महाराजांना शिवनेरी त्यांच्या हयातीत परत मिळाला नाही. १६५७ मध्ये त्यांनी रात्रीच्या अंधारात जुन्नर शहरावर छापा घातला, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले, पण वरचा गड हाती आला नाही. पुढे १६७० च्या दशकातला प्रयत्नही फसला. ज्या दरवाजांनी आणि कड्यांनी बाळ शिवबांना सांभाळले, तेच छत्रपतींच्या माणसांना भारी पडले. गड मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, १७१६ मध्ये. ही हकिकत सांगताना मुलांचे चेहरे उतरतात. उतरू द्या. आपल्या राजाला काही हवे होते आणि ते मिळाले नाही, हे कळल्यावर तो त्यांना जास्त जवळचा वाटतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात शिवनेरी आहे. आता गर्दी वाढतच जाणार. भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आजच पुष्कळ आहेत, आणि त्यांत शाळकरी मुलांची अक्षरे ओळखू येतात. हे संरक्षित स्मारक आहे. त्याला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे, हे मुलांना आधी वर्गात सांगा. पण कायद्यापेक्षा इरिलचा लेख जास्त उपयोगी पडतो, हा माझा अनुभव आहे. ज्याने पाणी दिले त्याचे नाव दगडावर राहिले. तू काय दिलेस म्हणून तुझे कोरतोस? एवढा प्रश्न विचारला की हातातला खिळा खिशात जातो.

सुरक्षिततेचे दोन शब्द. कड्यांना आग्या मोहोळे असतात. त्यामुळे कड्यालगत आरडाओरडा, फटाके, धूर काही नको, आणि अंगावर अत्तराचे फवारे नकोत. साखळीची वाट, म्हणजे साखळ्या धरून कडा चढायची वाट, शाळेच्या सहलीसाठी नाही, कुणी वाटाड्या कितीही भरवसा देवो. कडेलोटाच्या टोकाशी मुलांना रांगेने, हात धरून न्या आणि तिथे फोटो टाळा. पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणायला सांगा आणि रिकाम्या परत नेताना मोजून घ्या.

वेळेचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. माझे ऐकाल तर ओझर सोडा. अष्टविनायकाचे दर्शन मुले आईवडिलांसोबत कधी ना कधी घेतातच. गडाला अर्धा दिवस द्या, आणि दुपारी लेण्याद्रीला जा. तिथे गिरिजात्मजाचे दर्शन घेताना मुलांना सांगा की गणपती ज्या दालनात बसला आहे तो मुळात बौद्ध विहार आहे, आणि शेजारच्या चैत्यगृहातला स्तूप पाहिल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. सकाळी शिवनेरीच्या कड्यात लांबून पाहिलेली दारे आतून कशी असतात, ते तिथे सुरक्षितपणे, सावकाश पाहता येते. कुकडीच्या एका अंगाला शिवनेरी, दुसऱ्या अंगाला लेण्याद्री. नकाशा आधी फळ्यावर काढून घेतलात तर मुले स्वतःच दिशा सांगू लागतात.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा तुम्ही स्वतः येऊन जा, मुलांशिवाय. तेव्हा गवत अजून हिरवे असते, टाकी काठोकाठ असतात आणि हवा धुतल्यासारखी असते, जीवधनपर्यंत दिसते. कुठे किती वेळ थांबायचे, कोणत्या दरवाजात सावली असते, साठ मुले एकत्र कुठे बसू शकतात, हे तेव्हाच ठरवून ठेवा. सकाळी लवकर आलात तर मी बहुतेक अंबरखान्याच्या आसपास भेटेन. टाक्यांपर्यंत मी बरोबर येईन.

आपली,
जुन्नरची एक निवृत्त शिक्षिका